आपला माणूस उभा नाही म्हणून

गेल्या महिन्यात एका बाळाच्या नामकरणाला आम्ही डहाणूला गेलो होतो. विधी आटोपला, जेवणे झाली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या आणि ओटीवर घरची चार माणसे आणि आम्ही एवढेच उरलो. घरचे कर्ते रेल्वेत गँगमन होते, आता निवृत्त आहेत. थोरला मुलगा वापीच्या एका कारखान्यात जातो. पहाटेची गाडी धरतो, रात्रीच्या गाडीने परततो. सून अंगणवाडी सेविका. चहा आला आणि कसा कोण जाणे, मतदानाचा विषय निघाला.

मुलगा म्हणाला, “मी २०२४ च्या विधानसभेला मत दिलंच नाही. कारखाना गुजरातेत, महाराष्ट्राच्या मतदानाची सुट्टी तिथे कोण देतो? खाडा पडला असता. आणि खाडा करून तरी द्यायचं कुणाला? इथली जागा आदिवासींसाठी राखीव. आपला माणूस उभाच राहू शकत नाही. मग आपलं त्यात काय?”

वडील काही बोलले नाहीत. पण त्यांनी हातातली बशी ज्या तऱ्हेने खाली ठेवली, त्यावरून हा वाद त्या घरात नवा नाही हे आमच्या ध्यानात आले. आईच म्हणाल्या, “मी गेले होते. माझ्या पुढेमागे रांगेत सगळ्या वारली बायका. हातातली कामं टाकून त्या कशाला आल्या असतील, ते सांग की मला.”

मुलाजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर त्या वेळी आमच्याजवळही नव्हते. मावशींचा तो प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो आणि आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आधी नुसते निकाल पाहू. डहाणू विधानसभा मतदारसंघ म्हणजे तलासरी तालुका आणि डहाणू तालुक्याचा काही भाग. (सगळा डहाणू तालुका त्यात येत नाही, काही गावे विक्रमगडसारख्या शेजारच्या मतदारसंघांना जोडलेली आहेत. बाहेरून येऊन डहाणूवर लिहिणारे पत्रकार हे हमखास विसरतात.) २००९ साली लोकसभेला पालघरमधून बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव निवडून आले. त्याच वर्षी विधानसभेला डहाणूने मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या राजाराम ओझरे यांना पाठवले. २०१४ साली दोन्हीकडे भाजप: लोकसभेला चिंतामण वनगा, विधानसभेला पास्कल धनारे. २०१९ साली लोकसभेला शिवसेनेचे राजेंद्र गावित, आणि पाच महिन्यांनी विधानसभेला पुन्हा लाल झेंडा. विनोद निकोले ४,७०७ मतांनी निवडून आले. २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेला भाजपचे हेमंत सवरा मोठ्या फरकाने जिंकले. नोव्हेंबरात सगळ्या महाराष्ट्रात महायुतीचा पूर आलेला असताना डहाणूत निकोलेच पुन्हा निवडून आले, ५,१३३ मतांनी.

हे आकडे पाहून शहरातले विद्वान म्हणतात, आदिवासी मतदार चंचल आहे. दुसरे म्हणतात, मोठा हुशार आहे, दिल्लीला एक आणि मुंबईला दुसरा पाठवतो. आमच्या मते दोघांनीही थोडे थांबावे. पालघरच्या लोकसभा मतदारसंघात वसई आणि नालासोपारा येतात. तिथली लाखोंची वस्ती मुंबईला लोकलने कामाला जाणारी. त्या मतांच्या ढिगाखाली तलासरीचे मत दिसेनासे होते. तेव्हा एकाच माणसाने मे महिन्यात एक बटण दाबले आणि नोव्हेंबरात दुसरे, असे सरसकट म्हणता येत नाही. मात्र एवढे खरे की विधानसभेला, जिथे त्यांचे मत वेगळे मोजले जाते, तिथे ते वेगळेच दिसते. २०१८ च्या मे महिन्यात वनगांच्या निधनानंतर लोकसभेची पोटनिवडणूक झाली. भाजप जिंकला, पण एवढ्या मोठ्या मतदारसंघातही मार्क्सवादी पक्षाला सुमारे ७२ हजार मते पडली. काँग्रेसला त्याहून कमी.

त्या पोटनिवडणुकीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. भाजपच्या दिवंगत खासदाराचे चिरंजीव उभे राहिले शिवसेनेकडून. भाजपने उभे केलेले गावित हे आधी काँग्रेसचे मंत्री, आणि पुढल्याच वर्षी तेच गावित शिवसेनेकडून खासदार झाले. पुढारी एवढ्या भराभर घरे बदलत असताना चंचल म्हणायचे ते मतदाराला!

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. त्यासाठी ८० वर्षे मागे जावे लागते.

तलासरी हा तेव्हा वेगळा तालुका नव्हता. तो उंबरगाव तालुक्याचा भाग होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि जो महाराष्ट्रात उरला त्याचा तलासरी झाला. तिथे जमीन सावकारांची आणि जमीनदारांची, आणि जंगल सरकारचे. वारल्यांनी वेठ करायची, म्हणजे मालकाच्या शेतावर, वाडीवर, घरी फुकट राबायचे. लग्नासाठी कर्ज काढले की तो पुरुष ‘लग्नगडी’ व्हायचा. ते कर्ज फिटेपर्यंत तो आणि त्याची बायको मालकाच्या दाराशी बांधलेली. ते फिटत नसे, हे वेगळे सांगायला नको. आमच्या गावकीच्या आणि महारकीच्या आठवणी ज्यांच्या घरात अजून निघतात, त्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तिला काही वारली गेले होते. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर हे जोडपे या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. नुसता ठराव झाला नाही, वेठ खरोखर बंद पडली. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला: पाचशे रत्तल गवत कापण्याला अडीच रुपये मागितले होते. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चारजण ठार झाले. १० ऑक्टोबरला त्या भागात हुतात्म्यांना अभिवादन करतात. गोदावरीबाईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवले. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरी नसेल त्यांनी वाचनालयातून आणून वाचावे.

शामराव परुळेकर हे नाव आमच्या जुन्या वाचकांना वेगळ्याच कारणाने आठवेल. १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे जे उमेदवार मुंबई विधिमंडळात गेले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेले शामराव होते. १० जानेवारी १९३८ ला खोतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्यात ते पुढे होते. नंतर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात निळा आणि लाल एकत्र होते. तेव्हा नाशकातून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले आणि ठाण्यातून शामराव परुळेकर. म्हणजे तलासरीच्या लाल झेंड्याच्या काठीला आमच्या अंगणातले थोडे लाकूड लागलेले आहे. मुलाला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.” त्याचे चुकले नाही. सांगायला हवे होते ते आम्हीच.

आता अवघड गोष्ट. झरीच्या सभेआधी सतरा दिवस, ६ मे १९४५ रोजी, मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या अधिवेशनात बाबासाहेबांचे मोठे भाषण झाले. विधिमंडळांत कोणत्या समाजाला किती जागा असाव्यात याची योजना त्यांनी त्यात मांडली. आदिवासी जमातींना त्या योजनेत धरले नव्हते. कारणही सांगितले होते: राजकीय संधीचा उपयोग करून घेण्याइतकी जाण त्यांच्यात अजून आलेली नाही, ते दुसऱ्याच्या हातचे साधन होण्याचा धोका आहे. हे आम्ही झाकून ठेवणार नाही. बाबासाहेबांनीच आम्हाला कोणतीही गोष्ट तपासून घ्यायला शिकवले. सतरा दिवसांनी झरीला जे घडले त्याने ती शंका खोटी ठरवली, असे आमचे मत आहे. आणि साडेचार वर्षांनी बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते तिने पुढे केलेल्या संविधानाने प्रत्येक प्रौढ आदिवासी स्त्रीपुरुषाला मत दिले आणि लोकसभेत, विधानसभांत अनुसूचित जमातींसाठी जागा राखल्या. आज डहाणूची जागा राखीव आहे ती त्याच संविधानामुळे. तेव्हा “आपला माणूस उभा राहू शकत नाही” असे म्हणताना आपण कुणाच्या शाईने लिहिलेल्या कलमाबद्दल तक्रार करीत आहोत, याचा विचार झाला पाहिजे.

इथे वडिलांनी तोंड उघडले. “ते सगळं खरं. पण १९५२ ला काय झालं, ते विसरायचं का?”

विसरायचे नाहीच. उत्तर मुंबईच्या त्या मतदारसंघात दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येकाला दोन मते. ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक बाद. त्यालाच ‘मत कुजवणे’ म्हणत. कम्युनिस्टांकडून तिथे डांगे उभे होते. त्यांच्या पक्षाने आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगितले. चौऱ्याहत्तर हजारांवर मते बाद झाली आणि बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजारांनी हरले. आमच्या घरांत लाल झेंड्याविषयी जी अढी आहे ती तिथली आहे, आणि ती अकारण नाही. वडील म्हणाले, “माझे वडील मरेपर्यंत हे सांगत होते.”

पण मग आम्ही मुलाकडे पाहिले. १९५२ साली आपले मत कुजवले ते दुसऱ्यांनी. २०२४ साली त्याने स्वतःचेच कुजवले, तेही कुणी न सांगता.

तो हसला नाही. वडीलही हसले नाहीत. मावशी मात्र आत जाऊन आणखी चहा टाकायला लागल्या.

मत म्हणजे चिन्ह, आणि चिन्ह म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याचे अक्षर. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उमेदवाराच्या पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. फेडरेशनचा हत्ती होता. तलासरीच्या म्हाताऱ्या माणसाने विळा-हातोडा-तारा ओळखला तो पुस्तक वाचून नव्हे. याची एक गोष्ट अमेरिकेतलीही आहे. अलाबामा राज्यात लाऊंडेस नावाचा एक जिल्हा आहे, सगळा खेड्यांचा. १९६५ च्या सुरुवातीला तिथे दर दहा माणसांत आठ काळी, पण मतदारयादीत एकही काळा माणूस नव्हता. नाव नोंदवायला गेलेल्या कुळांना गोऱ्या जमीनमालकांनी जमिनीवरून हुसकले. ती कुटुंबे तंबूत राहिली. तिथेही पुष्कळांना वाचता येत नसल्यामुळे पक्षाला चिन्ह लागे. त्यांनी आपल्या नव्या पक्षासाठी काळा चित्ता घेतला. १९६६ ची निवडणूक ते हरले. १९७० साली त्यांच्यातलाच एक माणूस, जॉन ह्युलेट, जिल्ह्याचा शेरीफ म्हणून निवडून आला. तोच काळा चित्ता पुढे कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी घेतला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरच्या नावात आला. नाव आम्हाला तिकडून आले, पण तंबूत राहून मत नोंदवणारी कुळे मात्र आम्ही विसरलो.

आता कुणी असे समजू नये की तलासरी म्हणजे लाल नंदनवन आहे. लाल झेंड्याच्या कार्यकर्त्यांनी तिथे महाविद्यालय उभे केले, त्याला गोदावरीबाईंचेच नाव आहे. संघ परिवाराचे वसतिगृहही तलासरीत जुने आहे; वकील होऊन तीनदा लोकसभेत गेलेले चिंतामण वनगा तिथेच शिकले. १९७८ साली निघालेली कष्टकरी संघटना याच भागात काम करीत आली, आणि तिचे लाल झेंड्याशी जमले नाही. त्यापायी गरिबांचीच डोकी फुटली. एवढे सगळे झाले, तरी भातकापणी उरकली की बिऱ्हाडे पाठीवर घेऊन माणसे वीटभट्टीवर जातात, गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ८० वर्षे झेंडा धरून पोटाचा प्रश्न का सुटला नाही, हे लाल झेंड्याला विचारलेच पाहिजे. तलासरीने ते २०१४ ला विचारले, असे आम्हाला वाटते. निकोलेंची मते पाच हजारांनी पुढे असणे हेही अर्धे विचारणेच आहे.

किनाऱ्याची तऱ्हा आणखी निराळी. डहाणू शहर, घोलवड, बोर्डी इकडे चिकूच्या वाड्या, इराणी-पारशी बागायतदार, गुजराती व्यापारी, मच्छीमार. नगरपरिषदेचे राजकारण आणि तलासरीचे राजकारण यांची ओळखही नाही. वाढवणला मोठे बंदर होत आहे, त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. समुद्र बुजला तर जाळे कुठे टाकायचे, हा मच्छीमारांचा प्रश्न. त्याला अनेक वर्षे विरोध आहे, तरीही पालघरची लोकसभा भाजपनेच जिंकली. विरोध रस्त्यावर असतो तसाच्या तसा मतपेटीत उतरत नाही. का, हे समजायला नुसते किनाऱ्यावर जाऊन भागायचे नाही. तरुण मुले वापीत, बोईसरमध्ये, मुंबईत कामाला. बंदर झाले तर नोकरी लागेल अशी आशा एकाच घरात बापाच्या जाळ्याशेजारी बसलेली असते.

मग वारली बायका रांगेत का उभ्या होत्या? आम्हाला जे दिसले ते असे. त्यांच्यातला जो उमेदवार आहे तो त्यांच्याच ओळखीचा. निकोले एके काळी वडापाव विकत; २०१९ ला त्यांनी दाखवलेली मालमत्ता ५१,०८२ रुपये होती आणि ते त्या सभागृहातले सर्वांत गरीब आमदार ठरले. पण तेवढ्याने रांग लागत नाही. गरीब उमेदवार सगळीकडे असतात आणि पडतात. खरी गोष्ट जमिनीची आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो. दावा भरायचा, पुरावे जोडायचे, तो नामंजूर झाला की अपील करायचे, दाखल्यासाठी तहसीलला खेपा घालायच्या. या खेपांना बरोबर कोण येतो, ते घरातली बाई लक्षात ठेवते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी आलेल्या मोर्च्यात हाच प्रश्न होता. मत पाच वर्षांनी एकदा पडते. तहसीलची खेप दर महिन्याला पडते.

हे आम्ही मावशींना म्हटले. त्या म्हणाल्या, “आपली पोरं जातीच्या दाखल्यासाठी फिरतात तेव्हा कोण येतं बरोबर? आपल्यातला पुढारी मुंबईला. इथे मी शेजारच्या वारली बाईबरोबर जाते, आणि ती माझ्याबरोबर.” सुनेने मान हलवली. तिच्या अंगणवाडीत बहुतेक मुले वारल्यांची. ती ज्या मानधनासाठी मोर्च्याला जाते त्या मोर्च्यात निळे आणि लाल झेंडे कुणी मोजत नाही.

मुलगा अजून पटलेला नव्हता. “पण आपण किती, दोनचार वस्त्या. आपल्या मतानं काय फरक पडतो?” तेव्हा आम्ही त्याला ते दोन आकडे पुन्हा सांगितले: ४,७०७ आणि ५,१३३. पाच हजार मते म्हणजे पाचसहा गावे, किंवा वापीच्या पहाटेच्या गाडीला लोंबकळणारी अशीच पोरे. आणि त्याला कुणीच पसंत नसेल, तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हेही बटण आहे. २०१९ च्या लोकसभेला पालघरमध्ये २९ हजारांवर लोकांनी ते दाबले. ते तरी मोजले गेले. घरी राहिलेला कुठेच मोजला जात नाही.

सुट्टीचे मात्र त्याचे खरे होते आणि त्यावर आम्ही नुसते प्रवचन देऊन उठलो असतो तर ते बरे झाले नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५-ब सांगते की लोकसभा आणि विधानसभेच्या मतदानादिवशी मतदार असलेल्या कामगाराला भरपगारी सुट्टी दिली पाहिजे, आणि रोजंदारीवरचा कामगारही त्यात येतो. कारखाना दुसऱ्या मतदारसंघात आहे म्हणून मतदार कामगाराचा हक्क जात नाही. मालक ऐकेलच असे नाही. एकट्याने मागितली तर बहुधा नाहीच ऐकणार. गाडीतल्या पाचपन्नास जणांनी मिळून आठवडाभर आधी लेखी मागितली तर गोष्ट निराळी.

“कलम कितीवं म्हणालात?” त्याने विचारले. जवळ कागद नव्हता. वडिलांनीच कोनाड्यातली नामकरणाची उरलेली पत्रिका काढून दिली. तिच्या पाठीवर त्याने आकडा लिहून घेतला, खाली मतदारयादीत नाव तपासायचे असेही लिहिले, आणि पत्रिका डब्याच्या पिशवीत ठेवली. आमची गाडी सव्वापाचची होती. स्टेशनपर्यंत सोडायला तोच आला.